रसिकांनी किती बोलावे?

एखाद्या लेखकावर जीव असलेली माणसे एकत्र आली की आरंभी त्यांना काय बोलावे याची चिंता असते. मंडळ जुने झाले की किती बोलावे याची. पहिल्या प्रश्नाला निदान साहित्यिक प्रतिष्ठा आहे. आस्वाद, समीक्षा, संहितेचे सूक्ष्म वाचन अशी त्याची भारदस्त नावे आहेत. दुसरा प्रश्न मात्र शिष्टाचाराचा, फार तर व्यवस्थेचा समजला जातो आणि सभेच्या शेवटी, चहा येण्यापूर्वी, उरकला जातो. आमचा अनुभव असा, की रसिकमंडळे मोडतात ती बहुधा या दुसऱ्या प्रश्नावर. मतभेदांमुळे मंडळ मोडल्याचे आम्ही फारसे पाहिलेले नाही. मतभेद हे तर त्याचे अन्न असते. एकजण फार बोलतो म्हणून दुसरा बोलेनासा होतो. दुसरा बोलत नाही म्हणून पहिला अधिकच बोलतो. आणि एके दिवशी दोघांच्याही लक्षात येते की ज्याच्यासाठी आपण जमलो होतो तो लेखक मधून केव्हाच उठून गेला आहे.

आमचे मंडळ जी. ए. कुलकर्णी यांच्या वाचकांचे. त्याला नाव नाही, घटना नाही, वर्गणी नाही. १९९८ साली अकरा जणांनी मिळून एक फिरती वही सुरू केली, एवढाच त्याचा इतिहास. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची साधी वही. ती पोस्टाने एकाकडून दुसऱ्याकडे जायची. पोस्टाचे दिवस धरून प्रत्येकाच्या वाट्याला आठ दिवस यायचे. तेवढ्या अवधीत आधीच्यांनी लिहिलेले वाचायचे, आपले काही असेल तर लिहायचे आणि वही खाकी कागदात बांधून पुढे पाठवायची. अकरा माणसे, आठ दिवस. म्हणजे सगळे सुरळीत झाले तर तीन महिन्यांनी वही पुन्हा आपल्या दारात. कोणी आजारी पडे, कोणाची बदली होई, कोणाच्या घरी लग्न निघे, आणि तीन महिन्यांचे चार होत. पण वही फिरत राहिली. २०१४ पर्यंत ती फिरली आणि मग, इतर अनेक गोष्टींप्रमाणे, भ्रमणध्वनीवरच्या व्हॉट्सॲप समूहात विलीन झाली. आज समूहात अकरांच्या जागी तिसाहून अधिक माणसे आहेत.

वहीच्या काळात किती बोलावे हा प्रश्नच उद्भवला नाही, कारण त्याचे उत्तर पोस्टखाते देत असे. तीन महिन्यांतून एकदा. त्याहून जास्त बोलण्याची सोय नव्हती. समूह आल्यावर ती नैसर्गिक मर्यादा नाहीशी झाली, आणि काही वर्षांनी, जे व्हायचे होते तेच झाले. एका बैठकीत एक नियम सुचवण्यात आला. एकाने दिवसाला एकच टिपण टाकावे. आणि लागोपाठ तीन महिने ज्याने काहीच लिहिले नाही, त्याचे नाव कमी करावे. कमाल आणि किमान, दोन्ही एका वाक्यात. ऐकायला नियम समंजस वाटत होता. पण आमच्या मंडळात तो लागू केला असता तर नेमके कोण बाहेर पडले असते, याचा हिशेब आम्ही मनात करून पाहिला, आणि उत्तर फार अस्वस्थ करणारे आले. ज्या दोन माणसांमुळे हे मंडळ मंडळ आहे असे आम्हाला वाटते, ती दोघेच त्या नियमात बसत नव्हती.

त्यांपैकी पहिले आमचे गुरुजी. निपाणीकडचे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. जी.ए. बेळगाव-धारवाडकडचे, त्यामुळे गुरुजींना त्यांचा आपल्या गावच्या माणसासारखा अभिमान. वहीच्या प्रत्येक फेरीत त्यांचे अक्षर आहे. एकही फेरी सुटलेली नाही. समूह झाल्यावर त्यांना जणू मोकळे रान मिळाले. सकाळी, दुपारी, रात्री झोप येत नसेल तर अडीच वाजतासुद्धा. दुसऱ्या आमच्या बाई. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात त्यांनी उमेद घालवली. वहीच्या सोळा वर्षांत त्यांनी जे लिहिले ते बोटांवर मोजण्याइतके, आणि तरीही मंडळात ‘प्रवासी’ किंवा ‘स्वामी’विषयी बोलणे निघाले की कोणी ना कोणी म्हणतेच, “बाईंनी त्या वहीत काय लिहिले होते, आठवते का?” एक रोज बोलणारा, एक क्वचित बोलणारी. नियमाच्या कमाल मर्यादेने गुरुजी गप्प झाले असते. किमान मर्यादेने बाई बाहेर गेल्या असत्या. उरलो असतो आम्ही मधले: दिवसाला एक या बेताने, कोणालाही न दुखावता, काहीही न सांगता लिहिणारे.

या प्रश्नाचा विचार करताना आम्हाला एका अगदी दूरच्या मंडळीची आठवण झाली. ते लोक मराठी नव्हते आणि त्यांचा लेखकही एक नव्हता. अमेरिकेत विज्ञानकथांच्या चाहत्यांनी १९३७ साली ‘फॅन्टसी ॲमॅच्युअर प्रेस असोसिएशन’ नावाची एक संस्था काढली. संक्षेपाने तिला ‘फापा’ म्हणत. तिची कल्पना डोनाल्ड वोल्हाइम या तरुणाची. तो पुढे नामांकित संपादक आणि प्रकाशक झाला. पद्धत अशी: प्रत्येक सभासदाने आपली पाने आपणच छापायची, बहुधा सायक्लोस्टाइलवर, सर्व सभासदांना पुरतील इतक्या प्रती काढायच्या आणि त्या एका ठरलेल्या माणसाकडे पाठवायच्या. तो त्यांचे गठ्ठे बांधून दर तीन महिन्यांनी प्रत्येकाला एकेक गठ्ठा रवाना करी. म्हणजे आमच्या वहीचाच वेग. फरक एवढाच की एक वही सगळ्यांकडे फिरण्याऐवजी सगळ्यांची पाने एका वेळी सगळ्यांकडे जात. पुढे सभासदसंख्या ६५ वर मर्यादित झाली. एक काळ असा होता की आत येण्यासाठी लोक वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत तिष्ठत.

आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा नियम. सभासदाने वर्षाला निदान आठ पाने लिहिली पाहिजेत, नाहीतर त्याची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाई. चार गठ्ठे, आठ पाने. सरासरीने तिमाहीला दोन. किमान मर्यादा अशी नेमकी ठरवलेली होती. कमाल मर्यादा त्यांच्या नियमांत नव्हती. ज्याला शंभर पाने लिहायची असतील त्याने लिहावीत. कागद, शाई आणि हात त्याचेच दुखणार. फार बोलण्याची भीती त्या लोकांना वाटली नाही, भीती वाटली ती कोणी बोलणारच नाही याची. गठ्ठा फक्त घेणारा आणि कधीही न देणारा माणूस मंडळाचा सभासद नसून ग्राहक असतो, असा त्यामागचा विचार दिसतो. हा विचार आम्हाला पटतो. पण आमच्या बाई त्या नियमातही नापास झाल्या असत्या, आणि म्हणून तो पुरेसा वाटत नाही.

त्या मंडळींची आणखी एक गंमत आहे. प्रत्येक गठ्ठा वाचून मागच्या गठ्ठ्यातल्या लिखाणावर अभिप्राय लिहायचा, असा रिवाज पडला होता. प्रत्येकाला प्रत्येकाविषयी काही ना काही म्हणायचे असते असे नाही. मग त्यांनी एक आद्याक्षरी संज्ञा काढली, ‘आरएईबीएनसी’. तिचा अर्थ एवढाच: वाचले, आवडले, पण सांगण्यासारखे काही नाही. आमच्या वहीतही असा एक संकेत आपोआप तयार झाला होता. ज्याला लिहायचे नसेल तो पानाच्या तळाशी ‘वाचले’ असे लिहून सही आणि तारीख टाकी. बाईंची अशी ‘वाचले’ कितीतरी आहेत. आजच्या समूहात त्या जागी जोडलेल्या हातांचे चित्र येते.

वरवर पाहता तिन्ही एकच. आमच्या मते तसे नाही. वहीतल्या ‘वाचले’ या शब्दामागे आठ दिवस उभे होते. वही त्या घरात आली, उशाशी राहिली, कदाचित दोनदा उघडली गेली, आणि मग तो शब्द उमटला. जोडलेल्या हातांमागे कधी कधी वाचनही नसते. टिपण पडद्यावर येऊन पुरते उलगडण्याआधीच हात जोडलेले असतात. येथे आम्हाला समूहातल्या माणसांना दोष द्यायचा नाही. तीच माणसे, तोच लेखक, तेच प्रेम. बदलला तो दोन बोलण्यांमधला अवकाश. मौनाला वहीत जागा होती, तारीख होती, सही होती. समूहात मौन दिसतच नाही. तेथे गप्प असलेला माणूस आणि निघून गेलेला माणूस यांत काहीही फरक करता येत नाही. म्हणूनच गप्प बसणाऱ्याचे नाव कमी करण्याची सूचना येते.

फापाच्या वंशातही अशी वेगाची पायरी आली होती. १९६४ साली न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस येथे चाहत्यांनी त्याच धर्तीवर साप्ताहिक गठ्ठे सुरू केले. तीन महिन्यांचे अंतर एका आठवड्यावर आले. अंतर एवढे घटले की बोलण्याची जात बदलते, हे समजायला तेथे जाऊन पाहण्याची गरज नाही. तीन महिन्यांनी जे मिळते ते पत्र असते. आठवड्याने जे मिळते ते संभाषण. आणि क्षणाक्षणाला जे मिळते त्याला काय म्हणावे हे आमच्या भाषेने अजून ठरवलेले नाही. पत्रात माणूस एकटा असतो आणि म्हणून पूर्ण असतो. संभाषणात तो दुसऱ्यावर विसंबून अर्धे वाक्य सोडू शकतो. दोन्हींची गोडी वेगळी. अडचण उद्भवते ती पत्र लिहिणारा आणि संभाषण करणारा एकाच खोलीत, एकाच वेळी बसतात तेव्हा.

नियम सुचवणाऱ्या आमच्या मंडळातल्या एक तरुण प्राध्यापिका. त्यांची बाजू आम्हाला येथे पुरेशा न्यायाने मांडली पाहिजे, कारण ती खोटी नव्हती. त्यांचे म्हणणे असे होते की महाविद्यालयात तास घेताना, घरी मुलाचा अभ्यास घेताना, समूह सतत वाजत राहतो. आवाज बंद केला तर संध्याकाळी साठ-सत्तर टिपणे साचलेली असतात. मग ती नुसती सरकवून टाकली जातात आणि त्यांत एखादे चांगले असेल तर तेही जाते. हे केवळ त्रासाचे गाऱ्हाणे नव्हते. त्यांनी उदाहरण दिले ते बाईंचेच. कित्येक महिन्यांनी बाईंनी ‘कैरी’मधल्या मावशीविषयी एक टिपण लिहिले होते. दीड-दोनशे शब्दांचे, पण त्यांच्या सवयीप्रमाणे बहुधा आठवडाभर मनात घोळवलेले. त्यानंतर पाचच मिनिटांनी कोणाचा तरी वाढदिवस असल्याचे कोणाला तरी आठवले, आणि बाईंचे टिपण शुभेच्छा, केकची चित्रे आणि आभार यांच्या खाली गाडले गेले. त्याला एकही उत्तर आले नाही. प्राध्यापिका म्हणाल्या, “बाई पुन्हा लिहितील असे तुम्हाला वाटते का?” बैठकीत कोणी काही बोलले नाही. बाई स्वतः तेथे नव्हत्या. पण त्यांनी एका सभासदाला दूरध्वनीवर सांगितले होते की आता आपले नाव समूहातून काढले तरी चालेल, आपण पुस्तके वाचतोच आहोत.

आम्हाला वाटते, फार बोलण्याचा खरा अपाय येथे आहे. फार बोलणारा कंटाळवाणा होतो, हा दोष लहान. अतिपरिचयाने अवज्ञा होते हे आपण सगळेच शाळेपासून ऐकत आलो आहोत आणि ती सोसतही आलो आहोत. खरा अपाय हा, की जलद बोलणे सावकाश बोलण्याला गाडून टाकते. हेतू नसतो, वैर नसते. केकचे चित्र पाठवणाऱ्याला बाईंचे टिपण वर आहे हे दिसलेलेही नसते. जी.एं.च्या वाचकांना तर हे विशेष जाणवायला हवे. ज्या लेखकाच्या ‘रक्तचंदन’ (१९६६) आणि ‘काजळमाया’ (१९७२) या दोन संग्रहांमध्ये सहा वर्षांचे अंतर आहे, त्याच्या चाहत्यांना सहा तास गप्प राहणे जमू नये, यात काहीतरी विपरीत आहे.

पण मग गुरुजींचे काय? येथवर आलेला वाचक म्हणेल की दोष गुरुजींचाच. आम्ही तसे मानण्यापूर्वी एक साधी गोष्ट केली. समूहातला मागचा एक महिना पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचून काढला, आणि गुरुजींनी जे जे लिहिले ते कोणाला उद्देशून आहे एवढेच पाहिले. निम्म्याहून कितीतरी अधिक वेळा ते उत्तर होते. नाशिकच्या एका विद्यार्थ्याने ‘इस्किलार’ नीट कळली नाही म्हणून विचारले होते. गुरुजींनी त्याला तीन दिवस, तुकड्यातुकड्यांनी, न कंटाळता सांगितले होते. अमेरिकेतल्या एका ताईंना सीमाभागातल्या बोलीतला एक शब्द अडला होता. गुरुजींनी तो आपल्या आजीच्या तोंडचा म्हणून सांगितला, कानडीशी त्याचे नाते सांगितले आणि वर तो कोणत्या सुरात म्हणायचा तेही ध्वनिमुद्रित करून पाठवले. रात्री अडीचचे टिपण त्या ताईंनाच होते. तेथे तेव्हा दुपार होती. समूहात नवा माणूस आला आणि त्याने बिचकत काही विचारले, तर पहिले उत्तर बहुधा गुरुजींचे. आम्ही बाकीचे, मित बोलण्याचा आब राखून, उद्या सवडीने लिहू म्हणत राहतो, आणि उद्या वाढदिवस असतो.

म्हणजे मोजायचे ते किती वेळा बोलला हे नव्हे. मोजायचे ते, बोलण्याने दुसऱ्याच्या बोलण्याला जागा झाली की गेली. गुरुजींची टिपणे पुष्कळ, पण ती दुसऱ्याच्या वाक्याला चिकटून येतात. ती काढून घेतली तर कोणाचा तरी प्रश्न उघडा पडतो. बाईंची टिपणे थोडी, पण प्रत्येक टिपणावर मंडळ वर्षभर बोलते. उलट वाढदिवसाच्या शुभेच्छा दिवसाला एकच या नियमात अगदी चपखल बसतात, आणि तरीही तेवढ्या एकाच एकाने तीस माणसांकडून तीस टिपणे जमतात. संख्येच्या नियमाला या तिन्हींतला भेद कळत नाही.

फापाच्या कुळातला एक माणूस येथे आठवतो. हॅरी वॉर्नर, धाकटा. जन्म १९२२, मृत्यू २००३. मेरीलँड राज्यातल्या हेगर्सटाउन या लहान गावी तो वृत्तपत्रात काम करी. चाहत्यांच्या संमेलनांना तो क्वचितच जाई, इतका क्वचित की त्याला ‘हेगर्सटाउनचा एकांतवासी’ असे नाव पडले होते. आणि हाच माणूस हाती येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक हौशी नियतकालिकाला अभिप्रायाचे पत्र लिही. फापातले त्याचे ‘होरायझन्स’ १९३९ पासून कित्येक दशके नेमाने निघत राहिले. त्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार उत्कृष्ट चाहता-लेखक म्हणून त्याला दोनदा मिळाला, १९६९ आणि १९७२ साली. कोणत्याही कमाल मर्यादेत हा माणूस बसला नसता. पण कोठेतरी कोणीतरी पोरगेलासा मुलगा पदरमोड करून सायक्लोस्टाइलवर आपला पहिला अंक काढतो आहे, आणि त्याला एक तरी पत्र येणार याची खात्री आहे, कारण हेगर्सटाउनमध्ये वॉर्नर आहे. ही खात्री त्या मंडळींना किती मोलाची वाटली असेल याची आम्हाला कल्पना करता येते. आमचे गुरुजी हे आमचे वॉर्नर आहेत.

आणि जी.ए.? सभासमारंभ टाळणारा, धारवाडला शिकवत राहिलेला, लोकांपासून अंतर राखून असलेला हा लेखक. पण त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या पत्रांचे खंड ज्यांनी चाळले आहेत त्यांना ठाऊक आहे की हा अबोल माणूस पत्रात किती बोलतो. सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचाच एक आख्खा खंड आहे. पुस्तके, चित्रे, खाणे, मांजरे, मृत्यू, काहीही वर्ज्य नाही. त्यांना अबोल म्हणावे की बोलके? वॉर्नरला म्हणावे तसेच त्यांनाही दोन्ही म्हणावे लागेल. आमचा समज असा, की ज्याला एका माणसाला उद्देशून बोलता येते त्याला पुष्कळ बोलण्याचा अधिकार आपोआप मिळतो. आणि जो सर्वांना उद्देशून, म्हणजे खरे पाहता कोणालाच उद्देशून, बोलतो त्याचे एक वाक्यही जास्त होते.

वारंवारतेचा विचार आपल्या परंपरेने केलेला नाही असे नाही. समर्थांनी रोज थोडे का होईना लिहीत जावे असे सांगितल्याचे आपल्याकडे वारंवार स्मरण करून दिले जाते. पण तो उपदेश लिहिण्याविषयी आहे, लिहिलेले रोज चारचौघांपुढे ठेवण्याविषयी नाही, हे सोयीस्करपणे विसरले जाते. याहून अधिक प्रकाश आम्हाला ‘वारी’ या शब्दात दिसतो. एका दैवतावरच्या प्रेमाने बांधलेल्या या प्रचंड समुदायाने आपले नावच मुळी पुन्हा पुन्हा जाण्यावरून घेतले. वारी करतो तो वारकरी. कोणी दर महिन्याला जातो, कोणी आषाढी आणि कार्तिकी दोन्ही करतो. पण माळ घातलेल्याने वर्षातून निदान एक वारी करावी, ही अपेक्षा. किमान ठरलेले आहे, कमाल नाही. आणि मुख्य म्हणजे मध्ये न येणाऱ्या अकरा महिन्यांबद्दल त्याला कोणी जाब विचारत नाही. तो येईल, हे गृहीत आहे. मौनाला विश्वासाची जोड असली की मौन म्हणजे गैरहजेरी ठरत नाही.

दुसरा शब्द आमच्या साहित्यव्यवहारातला: अनियतकालिक. १९५५ च्या सुमारास ‘शब्द’सारख्या सायक्लोस्टाइल अंकांपासून जी लहान नियतकालिकांची चळवळ उभी राहिली, तिने आपल्या अनियमितपणाचेच नाव मिरवले. पैसे नसणे, छापखाना नसणे ही कारणे त्यात होतीच. पण त्या शब्दात एक भूमिकाही होती: महिना भरला म्हणून अंक निघणार नाही, म्हणण्यासारखे असेल तेव्हा निघेल. वारकऱ्याचा नेम आणि अनियतकालिकाचा स्वैरपणा ही दोन टोके वाटतात खरी. पण गुरुजी आणि बाई एकाच मंडळात सोळा वर्षे नांदले, ते एकमेकांची पाने वाचत होते म्हणून. गुरुजींच्या नेमाने वही चालू राहिली. बाईंच्या अनियतपणाने ती वाचण्यासारखी राहिली. यांतले एक निवडा असे म्हणणाऱ्या नियमाला मंडळ म्हणजे काय हेच कळलेले नसते.

बैठकीत आम्ही एवढेच मांडले. थोडा वाद झाला. प्राध्यापिका म्हणाल्या, “तुमचे म्हणणे लेखात ठीक आहे, पण माझा तास सुरू असताना वाजणाऱ्या भ्रमणध्वनीचे काय?” हा प्रश्न टाळण्याजोगा नव्हता. शेवटी संख्या कोणतीच ठरली नाही. तीन रिवाज ठरले. वाढदिवस, सुप्रभात आणि शुभेच्छा यांसाठी वेगळा समूह. तेथे हवे तितके हात जोडावेत. कोणी एखाद्या कथेविषयी सविस्तर टिपण लिहिले, तर दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत त्या टिपणाला धरून असेल तेवढेच बोलावे. दुसरे काही असेल तर थांबावे. आणि किमान मर्यादा वर्षाची: जी.एं.ची एक तरी कथा पुन्हा वाचून प्रत्येकाने वर्षातून एकदा तिच्याविषयी लिहावे. तेही ज्याला जमणार नाही त्याने जुन्या वहीतल्याप्रमाणे ‘वाचले’ एवढे लिहून तारीख टाकावी, म्हणजे तो आहे हे कळेल. हे तिन्ही रिवाज प्राध्यापिकांनीच लिहून काढले. त्यांच्या मूळ नियमापेक्षा ते लांब आहेत आणि मोडायला सोपे आहेत, मोडतातही. तरी बाईंचे नाव अजून समूहात आहे. ‘कैरी’वरचे त्यांचे टिपण त्याच प्राध्यापिकांनी पुन्हा वर आणले, आणि त्यावर पंधरा दिवस बोलणे चालले.

गुरुजींविषयी मात्र एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली; पडद्याकडे फार वेळ पाहता येत नाही. त्यांची टिपणे कमी होत चालली आहेत. ज्यांना पूर्वी ती जास्त वाटत, त्यांच्याही हे लक्षात आले आहे. मध्यंतरी एका नव्या मुलीने ‘विदूषक’विषयी एक प्रश्न विचारला. प्रश्न चांगला होता. तो सकाळी आला; दुपार झाली, संध्याकाळ झाली. तिसांहून अधिक माणसांनी तो पाहिला असणार, आणि प्रत्येकाने, आमच्यासह, मनातल्या मनात म्हटले असणार की गुरुजी सांगतीलच. गुरुजी त्या दिवशी रुग्णालयात होते. रात्री उशिरा उत्तर आले ते बाईंचे. चार ओळी. टिपणाच्या शेवटी त्यांनी लिहिले होते: “बाकीचे गुरुजी बरे झाले की सांगतील, पण तोवर तुझा प्रश्न उघड्यावर राहू नये.”

किती बोलावे याचे याहून नेमके माप आम्हाला अजून सापडलेले नाही. कोणाचा प्रश्न उघड्यावर राहणार नाही इतके; आणि कोणाचे उत्तर गाडले जाणार नाही इतकेच.